माडाची सावली आणि छपरावरची वीज

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोकणात छपरावर सौर पॅनल बसवायचे ठरले की ते काम शक्यतो चैत्र-वैशाखात उरकले जाते, कारण पाऊस सुरू झाल्यावर शेवाळलेल्या स्लॅबवर माणूस चढवणे धोक्याचे असते. मात्र त्याच दिवसांत दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि माडाची सावली बुंध्यापाशी गोळा झालेली असते. माझ्या घरीही असेच झाले. मे महिन्यात जिथे सावलीचा ठिपकाही नव्हता, तिथे डिसेंबरात दक्षिणेकडच्या माडाच्या झावळ्या भर दुपारी पॅनलवर हलू लागल्या.

रत्नागिरी साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर येतो. त्यामुळे छपराच्या पातळीपासून २० फूट वर गेलेल्या माडाची सावली उत्तरेकडे सुमारे १७ फूट पसरते आणि सकाळी नऊला त्याहून बरीच लांब. पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमीच मिळते. आपली खरी कमाई निरभ्र हिवाळ्या-उन्हाळ्यातली, म्हणून ही सावली फार महाग पडते.

एका झावळीने एवढे काय बिघडते, असे कुणालाही वाटेल. पॅनलमधील सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकापुढे एक जोडलेले असतात. पोफळीच्या बागेत पाटात एका जागी माती ढासळली की पुढच्या सगळ्या आळ्यांचे पाणी तुटते, तसा झाकलेला एक सेल आपल्या साखळीचा प्रवाह अडवतो. इतकेच नव्हे, तर बाकीच्या सेलची वीज त्याच्यात उष्णता होऊन उतरते आणि तो कायमचा खराबही होऊ शकतो. हे टाळण्यासाठी ६० सेलच्या नेहमीच्या पॅनलमध्ये २०-२० सेलचे तीन गट करून प्रत्येकाला बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या गटाला वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग, दिलेला असतो. सावली एकाच गटावर पडली तर तेवढा गट वगळला जातो, म्हणजे एक तृतीयांश वीज जाते. पण उभ्या, म्हणजे लांब बाजू वर-खाली ठेवून बसवलेल्या अशा पॅनलच्या खालच्या कडेवर कठड्याची पट्टीभर सावली पडली, तर तिन्ही गट सापडतात आणि जवळजवळ सारे उत्पादन थांबते. तेच पॅनल आडवे बसवले असते, तर एकच गट गेला असता. सेल अर्धे कापून बनवलेल्या नव्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर, म्हणजे वेगवेगळ्या वाटेने, जोडलेला असल्याने तिथे उभ्या मांडणीतही निम्मी वीज वाचते.

छपरावरची पॅनलेही सहसा एकमेकांशी अशीच साखळीने जोडलेली असतात. प्रत्येक पॅनलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे त्याची वीज घरात वापरण्याजोगी करणारे छोटे यंत्र, लावल्यास एका पॅनलवरच्या सावलीचा फटका शेजारच्यांना बसत नाही. खर्च मात्र वाढतो, आणि झाकलेल्या पॅनलवर न पडलेले ऊन काही परत मिळत नाही.

तरीही माड तोडण्याची घाई करू नका. पॅनलच्या उत्तरेला असलेल्या झाडाची दुपारची सावली पॅनलकडे फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत वळते, तीही आखूड असते, आणि त्यातले बरेच दिवस ढगाळच असतात; ते झाड खुशाल राहू द्या. दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या बाजूंना काय उभे आहे, ते मार्गशीर्ष-पौषात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता स्लॅबवर जाऊन पाहा, सावलीच्या कडा खडूने आखून ठेवा, आणि वैशाखात कारागीर आले की त्या रेघांच्या बाहेरच सांगाडा उभा करायला सांगा.