आमचे हे असे नव्हते

डोक्याला मार लागलेला माणूस चालत-बोलत घरी आला की आपल्याकडे गल्लीभर पेढे वाटतात. पाच-सहा महिन्यांनी त्याच घरातली बाई दवाखान्याच्या जिन्यात गाठते आणि हळूच म्हणते, “आमचे हे पहिले असे नव्हते ओ.” आज मी एवढ्यावरच बोलणार आहे.

कवटी बाहेरून गुळगुळीत असते. आतून मात्र कपाळामागे आणि कानशिलांपाशी तिचा तळ खडबडीत असतो. निपाणीच्या अलीकडे हायवेवर बाईक घसरली, डोकं आपटून थांबलं, तरी आतला मेंदू सरकतो आणि त्या हाडावर घासतो. मार मागून बसला तरी अनेकदा पुढचाच भाग ठेचतो. राग आवरणं, आपणहून कामाला हात घालणं, कुठे काय बोलू नये याचं भान, हे सगळं बरंचसं त्याच भागावर चालतं. हातपाय हलवणारा भाग वेगळा. म्हणून माणूस धडधाकट दिसतो आणि लेकीच्या सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांदेखत नको ते बोलून बसतो.

१९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत टीसडेल आणि जेनेट या मेंदूच्या सर्जननी बेशुद्धी मोजायची पट्टी दिली; आज ती ३ ते १५ गुणांची आहे. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. आपल्या केसपेपरवरचं ‘जीसीएस’, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ते हेच. त्याच शहरात ब्रुक्स, मॅकिन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाऐवजी घरच्यांना विचारायला घेतलं. १९८६ साली छापलेला त्यांचा पाच वर्षांचा पाठपुरावा मला आजही अस्वस्थ करतो. काळ जाईल तसा घरच्यांवरचा भार हलका होईल असं आपण धरून चालतो. तो वाढला होता. आणि घरच्यांना जड जात होता तो लुळ्या हातापेक्षा बदललेला स्वभाव. अमेरिकेत मेंदू-मानसतज्ज्ञ म्युरियल लेझाक यांनी १९७८ मध्येच बायकांची कोंडी मांडली होती: नवरा गेला म्हणून रडता येत नाही, कारण तो समोर बसलाय. आपल्याकडे वर सासू म्हणते, “तूच चिडवत असशील त्याला.”

रुग्णाला विचाराल तर, “मला काय धाड भरलीय?” तो खोटं बोलत नसतो. स्वतःतला बदल ओळखायची जाणीवच कित्येकदा दुखावलेली असते. शिवाय दवाखान्यातली आमची स्मरणाची-लक्षाची चाचणी शांत खोलीत, एका वेळी एकच काम देऊन होते. तिथे छान गुण मिळवणारा माणूस बेळगावच्या गणपत गल्लीत, बाजारात, गर्दीच्या वेळी चार जिन्नस आणायला पाठवा. दोन विसरतो, उरलेले पैसे सोडून येतो, भाजीवालीशी भांडतो ते वेगळंच.

उलटही होतं. कर्नाटकातल्या खानापूरकडचा, मराठी शाळेत शिकलेला शेतकरी कन्नडमधून शब्दांची यादी पाठ करायला बसवला की गुण पडतात, आणि तो दोष मेंदूच्या खात्यावर लिहिला जातो. यात राजकारण आणू नका, ही मोजमापातली चूक आहे. दुभाषा मागा, मराठीतून तपासा म्हणा.

आणि डॉक्टरांना एक आग्रहाने सांगा: घरच्या बाईशी पाच मिनिटं वेगळं बोला, नवरा शेजारी नसताना. डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, सहा महिन्यांनी आणि परत वर्षाने. तिने सांगितलेलं केसपेपरवर तारखेसह उतरवून घ्या. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात हातापायाच्या अपंगत्वाचे टक्के पटकन लागतात. स्वभाव बदललाय हे दाखवायला बहुतेकदा तिच्या त्या चार ओळीच हाताशी असतात.