उमेदवाराचं शपथपत्र आणि प्राध्यापकांची कोर्टातली लढाई

नमस्कार मंडळी. सुशासन म्हटलं की आपल्याला मंत्रालय आठवतं, कलेक्टर ऑफिस आठवतं, फार तर तहसीलदार, पण कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक काही आठवत नाही, त्याने लेक्चर घ्यावं, पेपर तपासावेत आणि घरी जावं असं आपण धरूनच चालतो. म्हणून आज मला तुम्हाला अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांची हकीकत सांगायचीय, कारण आमदारकी-खासदारकीच्या उमेदवाराची संपत्ती किती, त्याच्यावर गुन्हे किती हे आज तुम्ही मोबाइलवर बघू शकता ते त्यांनी केलेल्या खटपटीमुळे, आणि हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच नाहीये.

गोष्ट १९९९ ची. त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर हे तिथले प्राध्यापक, शिकवायचे मॅनेजमेंट, राजकारणाशी थेट संबंध काही नाही. त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी मिळून दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका टाकली. मागणी काय होती, तर उमेदवाराने फॉर्म भरताना आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण लिहून द्यावं, बस एवढंच! अहो, साध्या शिपायाच्या नोकरीलासुद्धा पोलिस व्हेरिफिकेशन लागतं, आणि जो माणूस कायदे करणार त्याच्याबद्दल मतदाराने काहीच विचारायचं नाही? याच कामासाठी त्यांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली, जिला आपण पेपरात एडीआर म्हणून वाचतो.

२००० मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे, घटनेच्या एकोणिसाव्या कलमातल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच तो येतो, कारण माहितीच नसेल तर माणूस मत कशावरून बनवणार. आता इथे खरी लढाई सुरू झाली. जुलैमध्ये सर्वपक्षीय बैठक झाली आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका गोष्टीवर एक झाले की हा आदेश काही असाच्या असा चालू द्यायचा नाही. मग वटहुकूम निघाला, राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तो एकदा परत पाठवला, मंत्रिमंडळाने तोच पुन्हा पाठवला, तेव्हा घटनेप्रमाणे त्यांना सही करावी लागली. पुढे संसदेने निवडणुकीचा कायदाच बदलला, त्यात ३३ ब नावाचं कलम घातलं, ज्याचा अर्थ असा की कोर्टाने काहीही म्हटलं तरी कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त माहिती देणं उमेदवारावर बंधनकारक नाही. पुन्हा याचिका, पुन्हा सुनावणी, आणि १३ मार्च २००३ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. तीन वर्षांहून जास्त काळ गेला यात. आणि पुढे निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायच्या योजनेच्या, केसमध्येही एडीआर याचिकाकर्ती होती, १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि कोणी किती रोखे घेतले, कुठल्या पक्षाला किती मिळाले हे स्टेट बँकेला बाहेर काढावं लागलं.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? या लोकांनी कधीही अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त एक फॉर्म मागितला. फॉर्मात रकाने हवेत, रकाना कोरा राहिला तर चालणार नाही, आणि तो फॉर्म सगळ्यांना बघता आला पाहिजे. संशोधन करणाऱ्या माणसाची ही सवयच असते, आधी माहिती दाखवा मग बोलू, आणि तीच सवय त्यांनी वर्गाबाहेर नेली.

तो फॉर्म म्हणजे नमुना २६, नोटरी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या साइटवर जाऊन आपल्या मतदारसंघातलं एखादं काढून बघाच. सुरुवातीला पॅन आणि मागच्या पाच वर्षांत रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न, मग गुन्हे, म्हणजे एफआयआर नंबर, पोलिस स्टेशन, कुठली कलमं, केस कुठल्या कोर्टात आहे. मग रोकड, ठेवी, गाड्या, सोनं किती ग्रॅम, शेतजमीन कुठे, वारसाने आली की विकत घेतली, कधी घेतली, केवढ्याला घेतली, आजचा भाव काय, आणि हे सगळं स्वतःचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं, अवलंबून असलेल्यांचं वेगवेगळ्या रकान्यात. मग कर्ज आणि सरकारी थकबाकी. एकाच माणसाची लागोपाठ दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली ना, तर पाच वर्षांत काय काय बदललं ते आपोआप समजतं, त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करून फरक काय पडला? बरोबर आहे प्रश्न. २००४ ला निवडून आलेल्या खासदारांपैकी साधारण २४ टक्के जणांनी स्वतःवर गुन्हे असल्याचं लिहून दिलं होतं, २०२४ ला ५४३ पैकी २५१, म्हणजे ४६ टक्के. आकडा वाढलाय, जवळपास दुप्पट झालाय, हे लपवण्यात अर्थ नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की एडीआरसारख्या दिल्लीतल्या एका संस्थेने आकडे काढून दिले म्हणून काम संपत नाही, ते आकडे गावात, वॉर्डात कोणीतरी वाचून समजावून सांगायला लागतात. रास्ता रोको केला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच रकान्यात येतात, यादीत दोघंही नुसते 'गुन्हे असलेले उमेदवार' दिसतात, मग मतदार म्हणतो सगळेच तसले. हा फरक कोण सांगणार? तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने नाही सांगायचा तर कोणी?

आपल्याकडे ही परंपरा नवीन नाहीये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभे राहिले, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन झाले, शेतकऱ्यांच्या कारखान्याचा हिशेब कसा असावा हे तिथे बसून बघितलं. त्याच संस्थेतले वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये विदर्भ, मराठवाड्याचा अनुशेष जिल्ह्यागणिक आकड्यात मांडला, तोवर मागासलेपणाची तक्रार होती, त्यानंतर हिशेब झाला. आणि अलीकडे २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानात आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने इंजिनिअरिंग कॉलेजं गावच्या पाण्याच्या योजनांसारख्या प्रश्नांवर काम करायला लागली. टाकी बांधलीय, पाइप टाकलाय, तरी वरच्या पाड्यात पाणी का चढत नाही, हे शोधणंसुद्धा सुशासनच आहे.

मग बाकीचे प्राध्यापक गप्प का? दोष फक्त त्यांचा नाही. किती तरी जण तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही याची खात्री नाही, असा माणूस पालकमंत्र्यांच्या शपथपत्राबद्दल सभेत बोलेल का हो? परमनंट आहेत त्यांना प्रमोशनसाठी शोधनिबंध छापायचेत, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली भरायच्यात, आणि गावातल्या चार लोकांना बजेट समजावून सांगितलं त्याचा प्रमोशनमध्ये फारसा उपयोग नाही. बऱ्याच ठिकाणी तर संस्थाचालक स्वतःच राजकारणात असतात. हे जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत मोजकेच लोक धाडस करणार, आणि म्हणून प्राध्यापकांच्या रिक्त जागा भरा ही मागणी मला निव्वळ नोकरीची मागणी वाटत नाही.

तरी आजच्या आज करता येईल असं एक काम आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेल्या कामाचे क्रेडिट्स आहेत, बऱ्याच कॉलेजात ते झाडं लावून नाहीतर रॅली काढून उरकतात. त्याऐवजी मुलांना सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून आपल्याच ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च काढायला लावा, गटारावर, शाळेच्या खोलीवर किती पैसे पडलेत ते बघा, मग जागेवर जाऊन गटार आहे का, किती मीटर आहे ते टेपने मोजा, फोटो काढा, आणि ते सगळं मराठीत दोन पानांवर लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. सरांनी फक्त एवढं बघायचं की मुलं आकडा चुकणार नाहीत आणि कोणावर उगाच आरोप करणार नाहीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, बाजूही लिहून घेतील.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरातलं कोणी कॉलेजात असेल तर त्याला आज रात्री विचारा की तुझा प्रोजेक्ट कशावर आहे, आणि तो म्हणाला की अजून विषय ठरायचाय, तर त्याला हा विषय सांगा, त्याच्या सरांनाही सांगा. नमस्कार.