ठराव गावाचा, हेड दिल्लीचं

(दृश्य: जत तालुक्यातलं ग्रामपंचायत ऑफिस, टेबलावर कॉम्प्युटर आणि दोन डोंगल)

हे पेन ड्राईव्हसारखं दिसतंय ना, ती डिजिटल सही आहे, डीएससी. एक सरपंचताईंची आणि एक भाऊसाहेबांची, म्हणजे ग्रामसेवकाची. २०२४ पासून कागदावर ते ग्रामपंचायत अधिकारी झालेत, पण गावात हाक अजून भाऊसाहेबच. पंधराव्या वित्त आयोगातून (केंद्राच्या पैशातला वाटा राज्यांना आणि गावांना किती आणि कसा द्यायचा ते सुचवणारा आयोग) कुणाला एक रुपया द्यायचा झाला तरी ही दोन्ही डोंगल लावायची, ई-ग्रामस्वराज पोर्टलवर व्हाउचर काढायचं, ते पीएफएमएसला, म्हणजे केंद्राच्या ऑनलाईन पेमेंट यंत्रणेला जाणार आणि तिथून पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यात. चेकबुकचा विषय संपला. आणि काम आधी गावाच्या विकास आराखड्यात चढवलेलं नसेल तर व्हाउचर निघतच नाही, मग ग्रामसभेत कितीही हात वर झालेले असोत. (दोन्ही डोंगल बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्याच ड्रॉवरमध्ये असतात, ते सगळ्यांना माहितीये, ते सोडा.)

पैसा येतो तो चिठ्ठी लावूनच येतो, कशावर खर्चायचा ते हेड आधीच ठरलेलं. पंधराव्या आयोगात शंभरातले साठ रुपये टाईड, म्हणजे बंधित. त्यातले तीस पिण्याच्या पाण्याला, तीस स्वच्छतेला. उरलेले चाळीस अनटाईड, ते गावाच्या गरजेला, पण पगार आणि ऑफिसखर्चाला चालत नाहीत. हे प्रमाण एन. के. सिंह अध्यक्ष असलेल्या पंधराव्या आयोगाचं, २०२१ ते २०२६ साठीचं, आणि देशभरातल्या ग्रामीण संस्थांसाठी रक्कम किती, तर २ लाख ३६ हजार ८०५ कोटी.

(दृश्य: जतचा माळ, मग कट करून कृष्णाकाठ)

आता आपला सांगली जिल्हाच बघा. जतच्या पूर्व भागात टँकरची वाट बघणारी गावं, पाणी देणार नसाल तर कर्नाटकात जातो असा ठराव केलेली गावं. आणि तिकडं पलूस, वाळवा, मिरजेच्या काठाला पाणी घरात शिरतं, २०१९ चा पूर कोण विसरलंय? दोन्हीकडं प्रमाण तेच, तीस-तीस-चाळीस. जतच्या गावाला वाटेल, बरंय की, पाण्याला पैसा आहे. आहे, टाकी होईल, पाईप पडंल, पण पाईपमधून यायचं काय? उद्भवच, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोतच कोरडा. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी कधी आणि कुठपर्यंत येणार ते ग्रामपंचायतीच्या हातात नाही आणि पंधराव्या वित्तातही नाही. काठावरच्या गावाची गरज वेगळी, गटार तुंबू नये, पुरात गुरं न्यायला धड वाट असावी. गटार एकवेळ स्वच्छतेत बसवता येतं, पण वाट? ती अनटाईडमधनंच. एका बाजूची गरज पूर्ण भागली तर तिचा पैसा दुसरीकडं वळवता येतो, पण तो पाण्यातनं स्वच्छतेत किंवा उलटा एवढाच. वाटेला त्यातला रुपया मिळत नाही.

एक सरपंचताई म्हणाल्या, "ठराव वस्तीच्या रस्त्याचा केलाय ओ, पण रस्ता अनटाईडमध्येच बसतोय आणि अनटाईड लाईट बिलाला गेलं."

लाईट बिलाची भानगड केंद्राची नाही बरं का, ती राज्याची. २०२१ मध्ये गावोगावच्या स्ट्रीट लाईटची कनेक्शनं तुटायला लागली, सरपंच बोंबलले, तर राज्यानं सांगितलं की बिल पंधराव्या वित्तातून भरा. त्याच्या आदल्या वर्षी करोनात चौदाव्या वित्ताच्या व्याजाच्या पैशावर राज्याचा डोळा होता, आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्या वाटायला! म्हणजे दिल्ली चाळीस रुपये मोकळे सोडते आणि त्यात मुंबई हात घालते. गाव दोघांच्या मधे.

चौदाव्या आयोगात, २०१५ ते २०२० ला, ग्रामीण भागाचा सगळा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायचा. "आमचं गाव, आमचा विकास" तेव्हाचंच. पंधराव्यात वाटण्या झाल्या, महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के.

आणि त्या दहा-दहाचं काय झालं बघा. आयोगाची अट अशी की निवडून आलेली बॉडी असेल तरच पैसा. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तिथनं पुढं वर्षानुवर्षं प्रशासक. आरक्षणाचा वाद, गटरचना (मतदारसंघांची आखणी), सुप्रीम कोर्ट, तारखा. निवडणूक लांबली त्यात गावातल्या माणसाचा काय दोष? पण हिस्सा अडकला तो त्याच्याच रस्त्याचा. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, आपल्याच देवराष्ट्र्याचे. त्यांनी उभं केलेलं घर त्यांच्याच मुलखात एवढी वर्षं साहेबलोकांनी चालवलं.

पंधराव्या आयोगाच्या अटी अजून आहेत. हिशोब ऑनलाईन पाहिजेत, मागच्या वर्षाचे कच्चे आणि त्याआधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले. राज्यानं स्वतःचा राज्य वित्त आयोग नेमला पाहिजे. शहरांना तर आणखी पुढची अट आहे, कराड असो, विटा असो नाहीतर तासगाव, घरपट्टीचा किमान दर राज्यानं ठरवून जाहीर करायचा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नाच्या वाढीच्या वेगानं वाढवत न्यायची, नाहीतर अनुदान नाही. म्हणजे तुमच्या घरपट्टीच्या बिलातसुद्धा दिल्ली आहे.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं जुनं कॅशबुक)

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर खोटं होईल. चेकबुकाच्या काळात काय चालायचं ते आपण पाहिलंय, कोऱ्या चेकवर सह्या, एकच गटार तीनदा बांधलेलं, बिलावर सिमेंट आणि जागेवर माती. आज कुणीही घरबसल्या ई-ग्रामस्वराज उघडून आपल्या गावाचं व्हाउचर बघू शकतं, ही साधी गोष्ट नाही. राज्यानं पैसा दाबून ठेवू नये म्हणून दहा कामाच्या दिवसांत तो खाली सोडायचा, उशीर झाला तर व्याजासकट, ही अटसुद्धा गावाच्या बाजूचीच. हिशोब मागायलाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हिशोब मागणं वेगळं आणि खर्च कशावर करायचा ते आधीच ठरवून देणं वेगळं, आणि पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली ती असं वरून ठरवून देण्यासाठी नव्हती.

घरपट्टी, पाणीपट्टी वाढवा, स्वतःच्या पायावर उभे राहा, असं वर बसलेले सांगतात. जतमध्ये सांगून बघा. दुष्काळात घरपट्टी मागायला शिपाई दारात गेला की काय ऐकून येतो ते त्यालाच विचारा.

१ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षं, अध्यक्ष अरविंद पनगढिया. आकडा किती आला ते बातम्यांत सापडेल. आपण अटींचं पान काढायचं आणि ग्रामसभेत भाऊसाहेबांना दोनच गोष्टी विचारायच्या, अनटाईड किती उरतंय, आणि निवडणूक वरच्यांनी लांबवली तर आमचा हप्ता थांबतो का.