नैनिताल : तळे आणि त्याच्या भोवतीचे उतार

नैनितालचे तळे समुद्रसपाटीपासून सुमारे 1938 मीटर उंचीवर आहे. तीन बाजूंना डोंगर आणि आग्नेयेला जादा पाणी खाली नेणारा बलिया नाला, अशी त्याची बैठक आहे. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल आणि दोहोंना जोडणारा मॉल रोड एवढे पाहून पर्यटक नावेत बसतो, पण या गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर नजर पाण्यावरून उचलून उतारांकडे न्यावी लागते.

अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तीन ऋषींनी येथे खड्डा खणून त्यात मानसरोवराचे पाणी आणले, अशी पुराणकथा आहे. गोरख्यांशी झालेल्या युद्धात 1815 मध्ये नैनिताल ज्यात येते तो कुमाऊं प्रदेश कंपनी सरकारकडे गेला आणि 1841 मध्ये शाहजहांपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन येथे पोहोचला. जमिनीचा मालक नरसिंग याला नावेतून तळ्याच्या मध्यभागी नेऊन, बुडवण्याची धमकी देऊन त्याने हक्क सोडवून घेतले, अशी हकिकत सांगतात. तिच्यातले तिखटमीठ वगळले, तरी जमीन राजीखुशीने मिळाली नव्हती एवढे खरे असावे. 1862 पासून वायव्य प्रांताचे, म्हणजे ढोबळमानाने आजच्या उत्तर प्रदेशाचे, सरकार उन्हाळ्यात येथे येऊ लागले आणि उतारांवर बंगले उठले.

त्यांतला उत्तरेकडचा शेर का डांडा हा ठिसूळ पाटीच्या दगडाचा डोंगर आहे. 18 सप्टेंबर 1880 रोजी, सलग मुसळधार पावसानंतर, त्याची एक दरड सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलवर आली. ढिगारा उपसायला शिपाई, मजूर आणि अधिकारी जमलेले असतानाच दुपारी त्याहून मोठा कडा सुटला आणि मदतीला आलेली माणसेही गाडली गेली. एकूण 151 जणांचा बळी गेला. नैनादेवीचे जुने मंदिरही वाहून गेले, ते पुढे पुन्हा बांधण्यात आले. आज जेथे मुले क्रिकेट खेळतात, त्या फ्लॅट्स मैदानाचा बराच विस्तार याच ढिगाऱ्याने झाला.

त्यानंतर उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे वाढवण्यात आले. हे नाले पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, त्यामुळे पाण्याचा वेग मोडतो आणि ते मातीत न मुरता थेट तळ्यात जाते. शेर का डांडावरच्या राजभवनालाही तडे गेले, तेव्हा नवे राजभवन समोरच्या, तुलनेने भक्कम खडकाच्या अयारपाटा डोंगराच्या बाजूला 1899 मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा मुंबईचे बोरीबंदर स्थानक उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा मानला जातो. 1875 मध्ये नैनितालात जन्मलेल्या शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांचे घर, गर्नी हाऊसही अयारपाट्यावरच आहे.

बांज (ओक), देवदार आणि बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) रानातून सुमारे 2600 मीटर उंचीच्या नैना शिखरावर पोहोचल्यावर, आकाश निरभ्र असेल तर नंदादेवी आणि त्रिशूळ ही हिमशिखरे दिसतात. मात्र टिफिन टॉप या माथ्यावरची डोरोथी सीट ही दगडी बैठक आता पाहता येत नाही, कारण ऑगस्ट 2024 मध्ये ती कोसळली. पावसाळ्यात भरणारे वरचे सूखाताल जमिनीखालून मुख्य तळ्याला पाणी पुरवते. गाव पितेही तळ्याचेच पाणी, म्हणून सूखातालाच्या पात्रात झालेली बांधकामे ही केवळ सौंदर्याची हानी नव्हे. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला बलिया नाल्याचा काठ खचत असून तेथील कुटुंबांना घरे सोडावी लागली आहेत.