डॅशबोर्डच्या मागे

बॉनेट उघडलं की सगळ्यांची नजर इंजिनाकडे जाते. आज जरा वर बघू. बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर एसीच्या कंप्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, माथ्यावर, तेलाचा एक काळपट पट्टा उमटलाय. कोणी ब्रशचा एकच फटकारा मारावा तसा. कंप्रेसरच्या पुढच्या शाफ्टचं सील गळतंय आणि फिरता क्लच, म्हणजे कंप्रेसरला इंजिनाच्या बेल्टशी जोडणारा-सोडवणारा भाग, ते तेल वर भिरकावतोय, वर्षानुवर्षं. तेलाबरोबर गॅसही गेला, हे वेगळं सांगायला नको.

गाडी आहे 1967 ची शेव्हरोलेट कॅमारो. कंप्रेसर जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअरचा ए-6. सहा सिलिंडरचा, आडव्या पिंपासारखा, वजन 16 किलोच्या घरात. 1962 साली आला आणि सत्तरचं दशक सरत येईपर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांत राहिला. गळका म्हणून याची बदनामी आहे, आणि ती खोटी नाही. पण गॅस पुरा असेल तेव्हा हाच कंप्रेसर भर उन्हात काचा बंद करून बसलेल्यांना हुडहुडी भरवायचा.

गाडीला कारखान्यातूनच एसी बसवून द्यायची सुरुवात पॅकार्डने केली, 1940 च्या मॉडेलपासून. त्यात कूलिंग कॉइल होती मागे, डिकीच्या बाजूला. आणि कंप्रेसरला क्लचच नव्हता! एसी नको झाला तर इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि बेल्ट काढून ठेवायचा. 1954 मध्ये नॅश कंपनीने हा सगळा संसार हीटरसकट पुढे आणला, बॉनेट आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये. आपल्यासमोरची कॅमारो त्याच वाटेवरची.

या गाड्यांमध्ये खेळत होता तो आर-12 हा गॅस. बिनविषारी, न पेटणारा, काम चोख. फक्त वर जाऊन ओझोनचा थर कुरतडणारा. 1987 चा माँट्रियल करार झाला आणि 1995 च्या अखेरीस अमेरिकेत त्याचं उत्पादन थांबलं. आज तिथे प्रमाणपत्र असलेल्या मेकॅनिकशिवाय कुणाला तो विकत घेता येत नाही. हवेत सोडून देणं तर गुन्हाच. म्हणून कुठलाही पाना लावण्याआधी, उरलासुरला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला जातोय.

आता प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न. नुसता नवा गॅस, म्हणजे आर-134ए, भरला तर?

चालतं. पण कसं चालतं ते ऐका. आर-12 बरोबर खनिज तेल फिरायचं. नव्या गॅसमध्ये ते नीट विरघळत नाही, कंप्रेसरकडे परत येत नाही, आणि कंप्रेसर कोरडा पडतो. म्हणून तेल बदला. नव्या गॅसचे रेणू लहान, ते जुन्या रबरी पाइपांतून हळूहळू पाझरतात. म्हणून पाइप बदला. त्याचा दाबही जास्त चढतो, आणि जुना कंडेन्सर तेवढी उष्णता बाहेर टाकायला कमी पडतो. म्हणून तोही बदला. या गाडीतला कंप्रेसर अखंड चालतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून एक व्हॉल्व्ह तिच्यातला दाब धरून ठेवतो, आणि तो व्हॉल्व्ह आर-12 च्या हिशेबाने लावलेला. म्हणून त्याचं सेटिंग बदला. एवढं सगळं बदलून झाल्यावर जुनं म्हणायला राहतं ते गार-गरम हवा वळवणारं प्लास्टिकचं खोकं.

आणि खरी मेख पुष्कळदा त्या खोक्यातच असते. ‘गॅस कमी आहे’ हे आपलं ठरलेलं निदान. पण आतल्या झडपांचा फोम हातात घेतला तर त्याचा भुगा होतो. झडप बंद होते, फट राहते, आणि इंजिनाकडची गरम हवा गार हवेत मिसळते. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर कढत पाणी हीटर कोअरमध्ये, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये, फिरतच राहतं. म्हणजे एकाच खोक्यात एसीही चालू आणि हीटरही चालू. अशा गाडीत गॅस कितीही भरा, उपयोग शून्य.

म्हणून पूर्ण संच बदलायचा विचार पुढे येतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत व्हिंटेज एअर ही कंपनी 1976 पासून याच धंद्यात आहे. पुढे आणखीही आल्या. सगळ्यांची कल्पना साधारण सारखी. कारखान्याच्या गाडीत कूलिंग कॉइलचा मोठा डबा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीच्या, इंजिनाकडच्या बाजूला लटकलेला असतो. नव्या संचात कॉइल, हीटर कोअर आणि ब्लोअर असं सगळं एकाच आटोपशीर डब्यात, डॅशबोर्डच्या मागे. इंजिनाकडून तो दिसतच नाही. फायरवॉलवरच्या मोठ्या भोकावर एक पत्रा येतो. ए-6 जातो आणि त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा कंप्रेसर बसतो. थर्मोस्टॅट त्याला गरजेनुसार चालू-बंद करतो, त्यामुळे तो जुना दाबाचा व्हॉल्व्हही निवृत्त.

बहुतेक जाहिराती इथेच थांबतात. आपण थांबायचं नाही.

जुनी व्यवस्था बाहेरची ताजी हवाही आत घ्यायची. नव्या संचांपैकी बरेचसे फक्त गाडीतलीच हवा फिरवतात. गारवा लवकर येतो हे खरं. पण लांबच्या प्रवासात चार माणसं बसली की हवा कोंदटते, आणि काच जराशी खाली करावी लागते. त्यामुळे विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न किती थंड करतो हा नाही. ताजी हवा कुठून येते, हा आहे.

दुसरी गोष्ट कळांची. कॅमारोच्या डॅशबोर्डवर सरकत्या कळा आहेत. त्यांच्यामागे व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं होतं, इंजिनाच्याच श्वासावर चालणारं. नव्या डब्यातल्या झडपा छोट्या मोटरवर चालतात. चांगल्या संचात जुन्या कळेलाच एक सेन्सर जोडतात. बोटाला तीच कळ लागते, तेवढीच सरकते. मात्र पूर्वी कळ सरकवली की आत व्हॅक्यूमचा बारीकसा फुस्स आवाज यायचा, तो गेला. काहींना हे हसू येण्यासारखं वाटेल. मला नाही वाटत. आणि ज्यांनी कळा काढून तिथे चकचकीत पॅनेल बसवलंय त्यांची गाडी थंड असते, पण तिचा डॅशबोर्ड कुणाचा आहे ते कळत नाही.

हे बघा, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत जातोय, वर चिठ्ठी. कंस, पुली, स्क्रूसुद्धा. उद्या ही गाडी अस्सलपणाच्या स्पर्धेत उतरवायची म्हटली, तर हीच पेटी शोधावी लागेल. फायरवॉलला नवं भोक पाडायचं नाही, हा नियमही त्याचसाठी.

नव्या संचाची जोडणी झाली. प्रत्येक ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्याला, तेलाचं बोट लावूनच ती बसवली. कोरडी बसवली तर पिळवटते आणि गळते. आता व्हॅक्यूम पंप, किमान पाऊण तास. काटा खाली गेला की पंप बंद करून नुसतं बघत बसायचं. काटा हलला, तर कुठेतरी गळती आहे. चित्रणाच्या दृष्टीने याइतका कंटाळवाणा प्रसंग नाही, पण कामाची परीक्षा इथेच होते.

मग गॅस, आणि तो वजनकाट्यावर तोलून. या घडणीच्या जुन्या गाड्यांत दीड किलोच्या आसपास आर-12 जायचा. या संचात आर-134ए लागतो साधारण 800 ग्रॅम. जुन्या सवयीने ‘अजून थोडा’ भरला की दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

इंजिन चालू. पुढचा पंखा ओढू लागला. मधल्या जाळीत खोचलेला तापमापक उतरतोय. 20... 14... 9... 6 अंशांवर तो रेंगाळतो.

अर्ध्या तासाने मालक वाकून गाडीखाली बघतात. जमिनीवर थेंब पडताहेत. चेहरा उतरतो, इतकी वर्षं गळतीच पाहिलेली. मेकॅनिक बोट लावून वास घेतो आणि बोट पँटला पुसतो. कॉइलवर जमलेलं पाणी आहे, निचऱ्याच्या नळीतून येतंय. ते आलं नसतं, तर गालिचा भिजला असता.