फुकट तर विंडोजपण होतं

(दृश्य : अमळनेर, सकाळी साडेनऊ. शटर वर जातं. आत तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, भिंतीवर फॉर्मच्या शेवटच्या तारखा लिहिलेले कागद.)

आधी पंखा, मग झेरॉक्स मशीन, मग मामा, या क्रमाने दुकानात आवाज सुरू होतात. मामा आल्या आल्या पोराला एकच सांगतो, लाईट आहे तोवर मोठे प्रिंट काढून घे रे. अशी दुकानं अमळनेरात गल्लीगल्लीत आहेत, सातबारा, पीक विमा, जातीचा दाखला, भरतीचे फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन सगळं एकाच जागी. मामाचं त्यातलंच एक, दहा बाय बाराचं. वेगळं इतकंच की तीनपैकी दोन कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, चालतं आणि गिऱ्हाइकाला ते कळतही नाही.

अमळनेर म्हटलं की लोक साने गुरुजींचं नाव घेतात, मंगळग्रह मंदिराचं घेतात, मंगळवारी तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण कॉम्प्युटरशीपण या गावाचं नातं आहे बरं का. १९४५ साली इथे वनस्पती तेलाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढे विप्रो. ज्यांनी तेव्हाचे शेअर विकले नाहीत त्यांच्या गोष्टी टपरीवर अजून रंगवून सांगतात. आमच्या घरात कोणी घेतलेच नव्हते, म्हणून मी हा व्हिडिओ २०१२ च्या लॅपटॉपवर एडिट करू राहिलो.

तर लिनक्सवर व्हिडिओ म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मित्रांनो हे एकदम फुकट आहे". मीपण तेच लिहिलं होतं. मामाला वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला, म्हणे अरे फुकट तर विंडोजपण होतं.

आणि खरंय ते. आमच्याकडे कॉम्प्युटर अडला की एका पोराला बोलवायचं, तो खिशातून सीडी काढणार, नंतर नंतर पेनड्राईव्ह, दोनशे-तीनशे घेणार आणि फॉरमॅट मारून देणार, सोबत ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट आणि हे सगळं पैसे न भरता उघडणारा क्रॅक. लायसन ही वस्तू आम्हाला गाडीपुरतीच माहीत. मग जिथे सगळंच फुकट मिळतं तिथे फुकट आहे म्हणून कोण कशाला काही बदलेल?

मामाने बदललं ते पेनड्राईव्हमुळे.

काही वर्षांपूर्वी दुकानात शॉर्टकट व्हायरसची साथ आली होती. तुम्ही कधी सायबर कॅफेत पेनड्राईव्ह लावला असेल तर तुम्हालाही तो भेटलेला असणार. पेनड्राईव्ह उघडा तर सगळ्या फोल्डरच्या जागी छोटा बाण असलेले शॉर्टकट, क्लिक केलं की फोल्डर उघडतं खरं पण मागच्या मागे व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राईव्हमध्ये, असं गावभर. कॉलेजची पोरं प्रोजेक्टची प्रिंट काढायला यायची आणि प्रोजेक्टच गायब म्हणून रडकुंडीला यायची. ते गायब नसतंच, व्हायरस मूळ फोल्डर हिडन करून ठेवतो एवढंच, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी हे कोणाला समजावणार. आणि मामाच्या तिन्ही मशीनवर तेव्हा सगळा माल क्रॅकचा, अँटिव्हायरससुद्धा क्रॅकचा, आता बोला.

मी तेव्हा जळगावला शिकत होतो, सुट्टीत येताना पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, टाकून आणलं. इन्स्टॉल न करता तसंच त्याच्यावरून कॉम्प्युटर चालू केला, लाईव्ह म्हणतात याला, हार्ड डिस्कला हात लागत नाही, आवडलं नाही तर पेनड्राईव्ह काढा, सगळं पहिल्यासारखं. मग त्यात एका पोरीचा व्हायरसवाला पेनड्राईव्ह लावला. सगळे फोल्डर समोर! विंडोजची ती हिडनची खूण लिनक्स बघतच नाही, आणि बाणवाले शॉर्टकट इथे चालतच नाहीत, नुसत्या मेलेल्या फायली. निवडल्या आणि डिलीट. मामा थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणे मधल्या मशीनवर हे कायमचं टाकून दे.

म्हणजे आमच्या दुकानात लिनक्स आलं ते पेनड्राईव्ह धुवायचं मशीन म्हणून. "पेनड्राईव्ह साफ करून मिळेल, २० रुपये" असा कागद लागला होता बाहेर. लिनक्सला व्हायरस लागतच नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, लागू शकतो, पण हा जो गावभर फिरत होता तो विंडोजसाठी लिहिलेला होता.

(दृश्य : प्रिंटरमध्ये अडकलेला कागद हळूहळू ओढून काढणारे हात.)

मग आलं प्रिंटरचं भांडण. झेरॉक्सवाल्याचा सगळा धंदा प्रिंटरवर. एक प्रिंटर वायर लावल्याबरोबर चालू झाला, ड्रायव्हरची सीडी शोधायलाच लागली नाही. दुसरा मात्र, ते छोटं लेझर जे जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसतं, कंपनीचं नाव घेत नाही, अडून बसला. तीन रात्री गेल्या माझ्या. कधी अर्धं पान यायचं, कधी कोरंच. कारण काय तर हा प्रिंटर कॉम्प्युटरशी कुठल्या भाषेत बोलतो ते बनवणाऱ्याने कोणाला सांगितलेलंच नाही, मग कुठल्या तरी हौशी लोकांनी वायरमधून काय जातंय ते बघून बघून ड्रायव्हर लिहिलाय, तो चालला शेवटी, पण पन्नास पानं एकदम टाकली की अजूनही रुसतो.

गंमत अशी की हे सगळं प्रकरणच प्रिंटरवरून सुरू झालंय. अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. १९८० च्या आसपास लॅबला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर दिला, हो तीच झेरॉक्स जिचं नाव आपण दुकानाला देऊन टाकलंय. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरला स्टॉलमनने स्वतः कोड बदलून सोय करून ठेवली होती, कागद अडकला की ज्यांची प्रिंट रांगेत आहे त्यांच्या स्क्रीनवर मेसेज, मग ज्याला घाई असेल तो उठून काढेल. नव्या प्रिंटरचा कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता त्याला दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊन मागितला तर तो म्हणे, कोणाला देणार नाही असं लिहून दिलंय मी. स्टॉलमनला ते लागलं. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने जीएनयूची घोषणा केली, अशी सिस्टीम की जिचा कोड कोणीही बघावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. त्यात अजून कर्नल म्हणजे मधला गाभा तयार नव्हता, तो लिनस टोरवाल्ड्सकडून मिळाला. फिनलंडमध्ये हेलसिंकीत शिकणारा २१ वर्षांचा पोरगा, २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने लोकांना कळवलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, नुसता छंद आहे, मोठं काही होणार नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच कर्नल आहे, आणि जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर.

मामाला हे सगळं सांगितलं. सुपरकॉम्प्युटरचं त्याला काही नाही वाटलं. प्रिंटरवाल्याबद्दल मात्र म्हणे, तो माणूस आपल्यातला आहे.

आता माझ्या मते जी गोष्ट सगळ्यात भारी आहे ती सांगतो, आणि ती एकदम बारीक आहे. भरतीचा किंवा ॲडमिशनचा फॉर्म भरला असेल तर माहीत असेल, बहुतेक ठिकाणी फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, एक केबी जास्त झाला तरी साईट घेत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवरून पाठवतं ४ एमबीचा फोटो. आधी दुकानातला पोरगा काय करायचा, फोटो छोटा करून देणाऱ्या कुठल्या तरी साईटवर टाकायचा, दहा जाहिराती बंद करायचा, डाऊनलोडचं खरं बटन कोणतं ते शोधायचा, आणि नेट गेलं की बसा. शिवाय लोकांचे फोटो, सह्या, आधारचे स्कॅन कोणाच्या कुठल्या सर्व्हरवर चाललेत देव जाणे.

लिनक्सवर इमेजमॅजिक म्हणून एक टूल आहे. त्याला सांगता येतं की ही फाईल ५० केबीच्या आत बसव, बाकी क्वालिटी किती कमी करायची ते तू बघ. एका ओळीची कमांड. पण पोरगा कमांड कुठे टाईप करत बसेल? मिंटची जी एक्सएफसीईवाली हलकी आवृत्ती आहे तिच्या फाईल मॅनेजरमध्ये राईट क्लिकच्या मेनूत आपलं स्वतःचं बटन जोडता येतं. आम्ही जोडलं, मराठीत. "फोटो पन्नास". "सही वीस". फोटोवर राईट क्लिक, फोटो पन्नास, झालं, नेट असो नसो. आठ दिवसांनी मामाचा मला जळगावला फोन, अजून एक बटन पाहिजे, चार बाय सहाच्या कागदावर आठ पासपोर्ट फोटो मांडून देणारं. तेपण केलं. मग अजून एक मागितलं, आधारची पुढची-मागची बाजू एका पानावर. आता त्या मेनूत सहा बटनं आहेत आणि मामाला वाटतं लिनक्स असंच येतं.

सगळं जमलं असं नाही हां. बोटांच्या ठशाचं थंब मशीन लिनक्सवर चाललं नाही, जे अधिकृत सॉफ्टवेअर लागतं ते त्याच्यासाठी मिळालंच नाही. शेजारच्या किराणावाल्याचे हिशोब ज्या पॅकेजमध्ये आहेत तेपण नाही. म्हणून तिसरं मशीन विंडोजच आहे, पण ते मामाने पैसे देऊन घेतलं, बिलासकट, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणे चोरीच्या मालाबरोबर काय काय येतं ते बघितलं ना आपण.

(दृश्य : दुपार. रस्ता रिकामा, ऊन. कूलरसमोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर लॅपटॉप.)

हे गुरुजी. पारोळ्याकडच्या गावात शाळेवर होते, रिटायर झाले. त्यांच्याकडे मुलाचा जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, वर्षभराची मुदतवाढ घेता येते ते वेगळं, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद. मुलगा पुण्याहून म्हणाला विकून टाका. भंगारवाला दीड हजार म्हणाला. गुरुजी तो घेऊन मामाकडे आले, म्हणाले बघ रे काही होतं का.

आम्ही आतली धूळ झाडली, आमच्याकडची मे महिन्याची धूळ म्हणजे पंख्याला नमदाच बसलेला असतो, हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, टाकली आणि मिंट टाकलं. मिंटला दोन जीबी रॅम कमीत कमी, चार असली तर बरी. अर्ध्या मिनिटात चालू होतो आता. गुरुजींना पाहिजे काय तर पेपर, यूट्यूबवर कीर्तन, आणि लिहायला मराठी. अपडेट आलं तर खाली कोपऱ्यात खूण दिसते, तुम्हाला वाटेल तेव्हा करा, मध्येच स्वतः बंद होऊन चालू होत नाही, हे त्यांना विशेष आवडलं.

लिहिण्यावरून मात्र दोन महिने गेले. गुरुजी वीस वर्षांपासून अहिराणी शब्द आणि म्हणी जमवू राहिलेत, पावणेदोनशे पानं, सगळी जुन्या क्रुतिदेव फॉन्टमध्ये. फाईल उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. गुरुजींचा चेहरा बघवेना. त्या फॉन्टचं असं असतं की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट फक्त वरून देवनागरीचं सोंग देतो, म्हणजे फॉन्ट टाकला की पान दिसतं पण त्यात शोधता येत नाही, मोबाईलवर पाठवलं की परत कचरा. म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदलायचं ठरवलं, त्यात खरी देवनागरी अक्षरंच साठवली जातात. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, नव्वद टक्के काम होतं, उरलेलं दहा टक्के जीव खातं. 'दऱ्या' चं 'दर्या' होतं, ऱ्हस्व-दीर्घ उड्या मारतात, 'ळ' कुठे हरवतो. गुरुजी रोज पाच पानं तपासायचे, लाल पेनने कागदावर, मग कॉम्प्युटरवर. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आतच असतो, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला सुरुवातीला शिव्या सुचतात पण महिन्याभरात जमलं त्यांना.

आणि मग लाल रेघा. लिब्रेऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन चालू केलं तर पानच्या पान लाल, कारण 'आंडोर' (मुलगा) चूक, 'आंडेर' (मुलगी) चूक, 'बठ्ठा' (सगळा) चूक, 'शे' (आहे) चूक. गुरुजी चिडले, म्हणाले आमची भाषा चूक ठरवणारा हा कोण? मी म्हटलं गुरुजी, कोणी नाही, यादीत शब्द नाहीत एवढंच, राईट क्लिक करा आणि टाका यादीत. ती यादी म्हणजे साधी टेक्स्ट फाईल असते, उघडून वाचता येते, कॉपी करून दुसऱ्याला देता येते. तेव्हापासून त्यांचं तेच चालू आहे. दुपारी कूलर लावायचा, एक एक लाल रेघ बघायची, शब्द खरा असेल तर आत घ्यायचा. हजाराच्या वर गेलेत.

परवा ती फाईल पेनड्राईव्हवर घेऊन आले, म्हणाले दुकानातपण टाक, इथे अर्ज लिहितात लोक. मामाने सवयीने पेनड्राईव्ह मधल्या मशीनला लावला, कुठून तरी एक बाणवाला शॉर्टकट त्यातपण आला होता, तो उडवला, यादी कॉपी केली, कोरं पान उघडून लिहिलं, मनी आंडेर. रेघ आली नाही.

गुरुजी म्हणाले, आते बरं शे. आणि बाहेरचा जुना कागद बघून खिशातून वीसची नोट काढली. मामा म्हणाला, राहू द्या गुरुजी, चहा सांगितलाय.