सचिवालय बेलापूरला येणार होतं

(पडद्यावर: सीबीडी बेलापूर स्थानक, सकाळची वेळ.)

मुंबईची लोकल येते, आणि माणसांनी भरलेला फलाट दोन मिनिटांत रिकामा होतो. बेलापूरकरांना हे रोजचंच. पण स्थानकाच्या पाटीवरची पहिली तीन अक्षरं पाहा. सीबीडी. सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचं मुख्य कामकाजाचं ठिकाण. नवी मुंबईचा आराखडा करणाऱ्यांच्या मनात सकाळची गर्दी इथे उतरणार होती.

या गोष्टीची सुरुवात 1965 ची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात प्रस्ताव मांडला. मुंबईची वस्ती उत्तरेकडे लांबत चालली आहे, कचेऱ्या मात्र दक्षिणेच्या टोकाला. तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. तिथे नुसती घरं बांधून भागणार नाही, पोटापाण्याचं कामही तिकडे न्यायला हवं. आणि कामाला सुरुवात करून देणारं सर्वांत मोठं कार्यालय कुणाचं? खुद्द राज्य सरकारचं, म्हणजे सचिवालय, आजचं मंत्रालय.

शासनाला नव्या शहराची कल्पना पटली. मग प्रश्न आला, हे उभं कोण करणार? मुंबई महापालिकेची हद्द खाडीशी संपते. सरकारी खात्याकडे सोपवावं, तर दर वर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसणं आलं. निवड झाली एका कंपनीची. 17 मार्च 1970 रोजी सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली. मालकी शासनाची, सुरुवातीचं भागभांडवल 3 कोटी 95 लाख रुपये. पुढच्या वर्षी तिला नवीन शहर विकास प्राधिकरण नेमण्यात आलं. आखायचं तिनेच, बांधायचं तिनेच, विकायचंही तिनेच.

एवढ्याशा पैशात 344 चौरस किलोमीटरचं शहर? याचं उत्तर जमिनीत होतं. 95 गावांतली जमीन शासनाने संपादन करून सिडकोच्या हाती द्यायची. सिडकोने रस्ते, पाणी, गटारं, वीज आणून भूखंड पाडायचे, ते विकायचे, आणि आलेल्या रकमेतून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभा करायचा. कागदावर हिशोब चोख होता. पण भाव चढल्यावर जी रक्कम येणार, तीत मूळ शेतकऱ्याचा वाटा धरलेला नव्हता.

(पडद्यावर: उरण तालुका. जासईचं हुतात्मा स्मारक.)

भाताची खाचरं आणि मिठागरं ज्यांची गेली, त्या आगरी-कोळी घरांनी हा हिशोब मान्य केला नाही. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के योजना आली ती त्यानंतर. घेतलेल्या जमिनीच्या त्या प्रमाणात विकसित भूखंड परत. जी बाजू पहिल्या दिवशी ऐकायला हवी होती, ती पाच माणसं गेल्यावर हिशोबात आली. नवी मुंबईची गोष्ट हे वगळून सांगता येत नाही.

आता पुन्हा बेलापूर.

सिडकोकडे माणसांची वानवा नव्हती. कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले, पटेलांनी नियोजन आणि बांधकाम हाती घेतलं. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी केंद्राची जागा आखली गेली. पण सचिवालय आलं नाही. त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टोलेजंग इमारती उठत होत्या. 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचं काम एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलं. शासन एकच, आणि कचेऱ्या ओढणारी ठिकाणं तीन. त्यातली दोन मुंबईच्या पोटात, रेल्वेच्या हाकेच्या अंतरावर. बेलापूरला लोकल पोचायला 1993 उजाडलं.

शहर उभं करायला सिडकोची निवड केली, ती चुकली असं मला वाटत नाही. सिडकोला जमीन मिळाली, अधिकार मिळाले. तिचं पहिलं आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक मात्र शासन स्वतः असणार होतं, आणि तेच आलं नाही. विभागीय आयुक्तांचं कोकण भवन आलं, सिडको भवन आलं, रिझर्व्ह बँकेची इमारत आली. व्यापाराची गजबज वाशीकडे वळली, कारण मुंबईतले घाऊक बाजार तिथे हलवले गेले. शासनाने जिथे खरोखर हलवायचं ठरवलं, तिथे शहर उभं राहिलं.

(पडद्यावर: मेट्रोचा जिना. मागे कोकण भवन.)

17 नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे. तीही सिडकोचीच. सिडकोचं मुख्य कार्यालय इथेच, सिडको भवनात. कंपनीच्या दप्तरी नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता मात्र वेगळा: 'निर्मल', दुसरा मजला, नरिमन पॉइंट, मुंबई 400021.